मुका सवाल

बेळगावच्या खडेबाजारात मराठीत सुरुवात करून, कन्नडमध्ये रागावून आणि हिंदीत तडजोड करून भाव पाडण्यात माझी हयात गेली असल्यामुळे, आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ऑनलाइन लिलावात विकणे मला अगदी हातचा मळ वाटले होते. दारावरच्या भंगारवाल्याने त्याचे तीनशे रुपये सांगितले, तेव्हा मी त्याला असा काही झाडला की तो आमच्या गल्लीत पुन्हा फिरकलेला नाही.

रेडिओ वाजत नव्हता, एवढीच अडचण होती. त्यावर पुतण्याने धीर दिला. १९९५ मध्ये ‘ईबे’ हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता, तो १४.८३ डॉलरांना गेला आणि घेणारा मोडकेच पॉइंटर जमवणारा निघाला. असा माणूस जर जगात आहे, तर मुका रेडिओ घेणाराही असणारच, हा तर्क मला पटला.

मी वर्णनात ‘अतिशय दुर्मीळ, उत्तम स्थितीत’ असे लिहिले, रात्री ट्यूबलाइटखाली छायाचित्र काढले, सुरुवातीची बोली अडीच हजार ठेवली आणि मंगळवारी दुपारी तीन वाजता, जेवण झाल्यावर, सात दिवसांचा लिलाव लावून निवांत झोपलो. सात दिवसांचा लिलाव बरोबर त्याच वारी आणि त्याच वेळी संपतो, आणि मंगळवारी दुपारी तीनला गिऱ्हाईक एकतर कचेरीत असते किंवा माझ्यासारखे झोपलेले असते, हे मला नंतर कळले. रेडिओच्या काचेत बनियनमधला मी स्पष्ट दिसत होतो, हेही नंतरच कळले. एकसष्ट जणांनी पाहिले, बोली शून्य.

आमच्या मार्केट यार्डात बटाट्यांचा नाहीतर रताळ्यांचा सवाल, म्हणजे लिलाव, निघतो, तेव्हा शेतकरी निदान पोत्याजवळ उभा राहून चेहरा पाडू शकतो. इथे विकणाऱ्याला तोंडच नाही. जे बोलायचे ते आधी लिहून ठेवायचे आणि मग आठवडाभर गप्प बसायचे. बेळगावच्या माणसाला याहून कठोर शिक्षा असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला पुतण्याने सूत्रे हाती घेतली. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, ओसरीवर काढली. वर्णनात ‘वाजत नाही, मागचा पुठ्ठा फाटलेला, एक बटण गायब’ असे सगळे दोष लिहिले, ते वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमच्या स्थळाच्या पत्रिकेत एवढं खरं लिहिलं असतं तर बरं झालं असतं ओ.” सुरुवातीची बोली मात्र फक्त ९९ रुपये! कमी बोलीने चार माणसे जमतात आणि जमलेली माणसे मग एकमेकांना हटत नाहीत, असे तो म्हणाला. विकण्याची किमान किंमत गुप्त राखण्याची सोय होती, पण तिने बोली लावणारे बिचकतात म्हणून तीही त्याने नाकारली. लिलाव रविवारी रात्री नऊला संपणार होता.

पाठवणीचा खर्च आधीच काढावा म्हणून कुरिअरवाल्याकडे गेलो. रेडिओ नऊ किलोंचा होता. त्याने खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजली, साठ गुणिले पस्तीस गुणिले चाळीस केले, पाच हजारांनी भागले आणि १६.८ किलोंचे पैसे सांगितले. वजन आणि आकारमान यांत जे भारी, त्यावर आकारणी होते म्हणे. बेळगावची थंड हवा नावाजलेली आहे खरी, पण तिचे पावणेआठ किलोंहून अधिक पैसे मीच भरावेत हे काही मला पटेना. खर्च घेणाऱ्याकडे, असे मी वर्णनात ठळकपणे जोडले.

शनिवारपर्यंत भाव ३४० वर अडकला होता. प्रत्येकजण आपली कमाल बोली गुपचूप नोंदवतो आणि संकेतस्थळ त्याच्या वतीने दुसऱ्यापेक्षा फक्त एक पायरी वर जाते, त्यामुळे समोरच्याच्या खिशात किती आहे याचा थांगच लागत नाही. रविवारी आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी १,१२० झाले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोघे जण एकदम जागे झाले आणि लिलाव २,३१० वर थांबला. मी ओसरीवर एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारी विचारायला आले.

जिंकणारे गृहस्थ निघाले बेळगावातल्याच वडगावचे. हवेचे पैसे वाचवण्यासाठी ते स्वतःच स्कूटरवरून आले, खाली बसून रेडिओ चारही बाजूंनी टकटक वाजवून पाहिला, फाटक्या पुठ्ठ्यात बोट घातले आणि म्हणाले, “लिलावात बोललो खरं, आता कायतरी कमी करा की ओ.”

वास्तविक नियमाने त्यांना तसे म्हणताच येत नव्हते. पण आठवडाभर तोंड शिवून बसलेल्या मला त्यांना नियमावली दाखवण्याची बुद्धी झाली नाही. मी खुर्ची पुढे ओढली, आत चहा सांगितला आणि म्हणालो, “परवडत नाही हो. बसा, बोलूया.”