प्रागचा किल्ला उतरायचा असतो

किल्ला म्हटलं की मराठी माणसाला तो चढल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. ही खोड प्रागला फार महागात पडते. सकाळी हॉटेलचा नाश्ता (फुकट म्हणून दुप्पट) हाणायचा, दहाच्या गर्दीत चार्ल्स पूल ओलांडायचा, नेरुदोवा रस्त्याचा चढ धापा टाकत संपवायचा आणि वर पोचल्यावर पहिला प्रश्न काय, तर "बसायला कुठे आहे?"

माझं म्हणणं एवढंच, की ट्रामने वर जा आणि पायी खाली या.

पूल मात्र आधी करा, आणि उजाडताच. 516 मीटर लांब, जेमतेम दहा मीटर रुंद, वर तीस पुतळे. नऊनंतर त्यावर चालता येत नाही, फक्त ढकललं जाता येतं. त्याची पायाभरणी म्हणे 1357 साली 9 जुलैला पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी झाली. 1-3-5-7-9-7-5-3-1 असा, उलटसुलट सारखाच वाचता येणारा हा मुहूर्त. आपल्या गुरुजींनीही हात टेकावेत! तेव्हा चौदाव्या शतकातला राजा पहाटे साडेपाचला हजर राहिला असेल, तर आपल्याला साडेसहाला यायला काय हरकत आहे?

पुलावर एकाच ठिकाणी रांग असते, ती संत नेपोमुकच्या पुतळ्यापाशी. 1393 मध्ये त्याला इथून नदीत फेकलं. पुतळ्याखाली पितळेसारखे चमकणारे दोन फलक आहेत. त्यांतल्या डाव्या फलकावरचा कुत्रा लोकांनी घासून घासून सोन्यासारखा केला आहे. त्या बिचाऱ्या कुत्र्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. संताला पुलावरून ढकलतानाचं दृश्य उजव्या फलकावर आहे. नवस करायचाच असेल तर हात तिथे लावा. बाकीचे बहुतेक पुतळे नकला आहेत, अस्सल संग्रहालयात गेले. ऊन-पाऊस आणि पर्यटक, दोन्ही दगडाला सोसवत नाहीत.

पूल संपला की दोनच मिनिटांवर मालोस्त्रान्स्के नामेस्ती हा थांबा. तिथून 22 नंबरची ट्राम, उतरायचं प्राझस्की ह्राद, म्हणजे किल्ल्याच्या थांब्याला. कागदी तिकीट आत शिरताच पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, आणि तोही एकदाच. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट. साध्या कपड्यातला तपासनीस "नवीन आहे हो मी" ऐकून घेत नाही.

किल्ल्याच्या अंगणांत फिरणं फुकट, इमारतींना तिकीट. ते दोन दिवस चालतं, पण प्रत्येक ठिकाणी एकदाच आत सोडतात. म्हणजे "आधी पटकन बघून येते, मग तुम्ही जा" ही युक्ती एका तिकिटावर जमत नाही. सुरुवात सेंट व्हायटस कॅथेड्रलपासून करा, कारण तिथली रांग सगळ्यात आधी वाढते. त्याचं बांधकाम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये संपलं. मुंबई-गोवा महामार्गाला नावं ठेवणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे एकदा शांतपणे पाहावं. दक्षिण मनोऱ्याच्या 287 पायऱ्या आहेत, गोल गोल, अरुंद, आणि त्याचं तिकीट वेगळं. गुडघ्यांनी परवानगी दिली तरच.

जुन्या राजवाड्यातली खिडकी चुकवू नका. 1618 मध्ये तिच्यातून दोन कॅथलिक अधिकारी आणि त्यांच्या चिटणीसाला बाहेर फेकलं आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. सुमारे वीस मीटर खाली पडूनही तिघे वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेची कृपा. त्यांचे प्रोटेस्टंट विरोधक म्हणाले, खाली उकिरडा होता. वादात आपण पडू नये, पण खिडकीतून खाली वाकून मात्र सगळेच बघतात.

किल्ल्यातल्याच गोल्डन लेन या गल्लीतली घरं बाहुल्यांना बांधल्यासारखी. 22 नंबरच्या घरात लेखक काफ्का 1916-17 मध्ये लिहायला बसायचा. दारात मान खाली घालून शिरा. कपाळ आपटल्याचा आवाज तिथे सगळ्या भाषांत सारखाच येतो.

आता उतरण. गोल्डन लेनपासून पूर्वेच्या दरवाज्याने बाहेर पडलं की जुना जिना थेट मालोस्त्रान्स्का मेट्रोपर्यंत नेतो. समोरून लालबुंद चेहऱ्याने वर येणारे दिसतील. त्यांना काही सांगू नका, ते ऐकण्याच्या स्थितीत नसतात.

खाली शौचालयासाठी सुटी नाणी लागतात, ती आधीच जपून ठेवा. पैसे बदलताना पाटीवरचा दर फसवा निघालाच, तर चेक कायद्यानुसार हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. फक्त पावती खिशात हवी. ती आपण पहिल्या कचरापेटीत टाकलेली असते.

जवळच मानेस पूल. चार्ल्स पुलाच्या कमानी नीट दिसतात त्या इथूनच. पण गटात एक काका असतातच, ज्यांना पूल आणि किल्ला एकाच फोटोत हवा असतो. इथून ते जमत नाही. दोन्ही वेगवेगळ्या दिशांना आहेत. त्यांना जुन्या शहराच्या काठाने चार्ल्स पुलाच्याही पलीकडे, नोवोत्नेहो लाव्काला न्यावं लागतं. पाय बोलत असतील तर 17 नंबरची ट्राम कार्लोवी लाझ्नेपर्यंत जाते. सकाळच्या तिकिटाची मुदत एव्हाना संपलेली असते, नवं घ्या.