'इम्युन सिस्टीमला डोळे माहीतच नसतात' हे साफ खोटं आहे

परत तोच मेसेज फिरतोय. 'तुमच्या इम्युन सिस्टीमला तुमचे डोळे आहेत हे माहीतच नाही, कळलं की ती हल्ला करेल आणि तुम्ही आंधळे व्हाल.' शिवाय डोळ्यात इम्युन सेल्स नसतात म्हणे, आणि एका डोळ्याला मार लागला की दुसराही जातो म्हणे.

आधी 'डोळ्यात इम्युन सेल्स नसतात' हे घेऊ. असतात की! डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आपण आईच्या पोटात असल्यापासून मुक्कामाला असतात. नर्व्ह सेल्स जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या थरांत पसरून त्या आपल्या बारीक फांद्यांनी सारखं आजूबाजूला चाचपत असतात, जिवंत उंदराच्या डोळ्यात बघितलं तर ही हालचाल मिनिटामिनिटाला दिसते. काही बिघडलं की फांद्या आखडतात, पेशी फुगते आणि मेलेलं-बिघडलेलं गिळायला लागते.

मग त्या रोज पडदाच का खात नाहीत? खरी गोष्ट इथेच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. रेटिनातल्या न्यूरॉन्सवर, म्हणजे त्याच नर्व्ह सेल्सवर, सीडी२०० नावाचं प्रोटीन असतं, त्याचा रिसेप्टर मायक्रोग्लियावर, दोन्ही जुळले की गप्प बसायचा सिग्नल जातो. न्यूरॉन्सकडूनच येणारं फ्रॅक्टलकाइन हा दुसरा लगाम. तिसरा टीजीएफ-बीटा, उंदरांत मायक्रोग्लियावरचा याचा रिसेप्टर काढून टाकला तर त्या बाहेरून काही न होताच भडकतात. आणि पडद्यामागचा पिगमेंट पेशींचा थर रक्तातून येणाऱ्या इम्युन सेल्सना अडवतो, सूज असताना आत घुसलेल्या टी सेल्सना (याही इम्युन सेल्सच, हल्ला करणाऱ्या) थंड करतो, त्यातल्या काहींना तर सूज आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी सेल्स बनवतो.

आता 'माहीतच नाही'. उलट चांगलं माहीत असतं. छातीत हृदयाच्या वर थायमस असते, टी सेल्सची शाळाच म्हणा. तिथे रेटिनाची प्रोटीन्स मुद्दाम दाखवली जातात आणि त्यांच्यावर चवताळणाऱ्या बऱ्याच पेशी तिथेच संपवल्या जातात. उंदरांच्या थायमसमधून आयआरबीपी हे रेटिनाचं एकच प्रोटीन गायब केलं तरी त्यांच्या डोळ्याला सूज येते! १९४८ मध्ये शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्यात परकी त्वचा टिकते हे दाखवलं, तिथून डोळ्याला वेगळी वागणूक मिळते ही कल्पना रुजली, पण वेगळी वागणूक मिळणं वेगळं आणि ओळखच नसणं वेगळं.

दुसऱ्या डोळ्याचं म्हणाल तर तो आजार खरा आहे, सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया. लुई ब्रेल यांचा दुसरा डोळा त्यानेच गेला असावा असं मानतात, लहानपणी वडिलांच्या कारखान्यात आरी लागून एक डोळा फुटला होता. पण हे दुर्मिळ आहे, तेही डोळा भेदून गेलेल्या जखमेनंतर किंवा कधी डोळ्याच्या ऑपरेशननंतर, आणि आज त्यावर औषधं आहेत.

या मेसेजने मला त्रास होतो तो युव्हिआयटिसच्या पेशंटमुळे. डोळ्यातल्या सुजेचा आजार आहे तो, पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात कोणी इम्युनिटी वाढवायचा काढा सुचवतं, कोणी स्टेरॉइड बंद करायला सांगतं. ड्रॉप्स पडद्यापर्यंत फारसे पोचत नाहीत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन लागतं, आपल्याकडे त्याआधी टीबी तपासतात, डोळ्यातलं प्रेशर आणि मोतीबिंदू यांवर लक्ष ठेवतात. मनाने काही बंद करू नका. आणि पडद्याजवळची सूज कधी कधी अजिबात दुखत नाही, डोळा लालही होत नाही, नुसते काळे ठिपके तरंगतात आणि धूसर दिसतं, तेव्हा डोळ्याची बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.