‘पायलटला कसली आलीय झोप?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

डिसेंबर 2025मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हापासून एक मेसेज आपल्याकडे फिरतोय. नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगर, कुठल्याही गटात जा, तो कुणीतरी टाकलेला असतोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पायलट वर्षाला फक्त हजार तास विमान उडवतात, म्हणजे दिवसाला पावणेतीन तास. तेही कॉम्प्युटरच चालवतो. पगार मात्र लाखांत. आमचा शेतकरी रात्रभर दारं धरतो, एसटीचा ड्रायव्हर रात्रभर स्टेअरिंगवर बसतो, ते कधी थकलो म्हणून रडत नाहीत. सरकारने पायलटांचे लाड करायला अचानक नवा नियम आणला आणि सामान्य माणूस विमानतळावर अडकला. झोपेमुळे भारतात आजवर एक तरी विमान पडलंय का?

पडलंय. म्हणून शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

22 मे 2010. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून मंगळूरला येणारं विमान पहाटे सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. विमानात 166 जण होते, त्यातले 158 गेले. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आणि खोल श्वासांचा आवाज सापडला. प्रवासातला बराच वेळ ते झोपेत होते आणि उतरण्याच्या थोडं आधी जागे झाले. विमान गरजेपेक्षा जास्त उंचीवर आणि जास्त वेगात होतं. उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं सहवैमानिकाने तीनदा सांगितलं. कॅप्टनने ऐकलं नाही. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धी जड राहते, निर्णय चुकतात. अहवालाने अपघाताच्या कारणांमध्ये ही बाब नोंदवली आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. त्या वैमानिकांचे ड्युटीचे तास तेव्हाच्या नियमात बसत होते. कागदावर विश्रांती पुरेशी होती. तरीही पहाटेने गाठलंच. साधारण दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर झोप मागतं, आदल्या दिवशी आराम झालेला असला तरी मागतं. म्हणून फक्त एकूण तास मोजून भागत नाही, ते तास रात्रीच्या कोणत्या प्रहरात पडतात हेही मोजावं लागतं.

आपल्या भागातला मोठा अपघात म्हणजे संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाजवळचा, 26 एप्रिल 1993चा. काही जण या मेसेजला उत्तर देताना तोही थकव्याच्या खात्यात टाकतात. तसं करू नये. ते विमान भरदुपारी उडत होतं. धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता, त्याला विमान धडकलं आणि 55 माणसं गेली. विमानाचं नाक वेळेवर आणि योग्य रीतीने उचललं गेलं नाही, आणि रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था नव्हती, असे दोन दोष चौकशीत निघाले. थकव्याचा त्यात उल्लेख नाही. आपली बाजू खरी असताना तिला चुकीचा पुरावा जोडायची गरज नाही.

आता हजार तासांचा हिशोब. वर्षाला हजार तासांची मर्यादा खरी आहे. पण हे तास फक्त विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचे. बाकीचं काम त्यात धरलेलं नाही. मुंबई ते संभाजीनगर हा तासाभराचा प्रवास घ्या. एखाद्या पायलटला दिवसात अशा चार फेऱ्या लावल्या तर ‘उड्डाण’ चार तासांचं लिहिलं जाईल. त्याआधी तासभर लवकर हजर व्हायचं, दारूची श्वासचाचणी द्यायची, हवामान, इंधन, विमानाच्या नोंदी बघायच्या. मग प्रत्येक दोन फेऱ्यांच्या मध्ये विमान पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ. चार तासांचे सात-आठ तास इथेच झाले. घरी फोन कधी वाजेल म्हणून तयार बसायचे दिवस वेगळे. प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात जाऊन तिथून ड्युटी धरायची, ते वेगळं. भागाकार करून पावणेतीन तास काढणाऱ्याने यातलं काहीच धरलेलं नाही.

‘कॉम्प्युटरच चालवतो’ हे अर्धसत्य आहे. उंचावर गेल्यावर ऑटोपायलट बराच वेळ विमान सांभाळतो, हे खरं. पण नेहमीच्या प्रवासी विमानात उड्डाण माणूसच करतो आणि बहुतेक वेळा उतरवतोही तोच. शिवाय यंत्राची अडचण झाली की ते काम माणसाच्या हातात परत देतं, तेही पूर्वसूचना न देता. 1 जून 2009ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला जाणारं विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला आणि ऑटोपायलट सुटला. मध्यरात्र उलटून गेलेली. त्यानंतर साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात होतं, 228 जण गेले. तिथे कारणं अनेक होती, पण माणूस शंभर टक्के जागा असायला हवा तो नेमका अशा मिनिटांसाठी. आणि उतरताना जेट विमान सेकंदाला साधारण सत्तर मीटर जातं. चार सेकंदांची डुलकी म्हणजे पावणेतीनशे मीटर धावपट्टी मागे पडली.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. पगार कौशल्याचा असतो. लाख रुपये दिले म्हणून मेंदू पहाटे चारला जास्त जागा राहत नाही.

याबद्दलचं एक संशोधन मात्र प्रत्येकाला माहीत असावं. 1997मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्याकडे रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याला 0.03 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडीत बसतो, तेव्हा थेंबही न घेता तो त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या माणसासारखा चालवत असू शकतो. पायलटला दारूची शून्य मर्यादा आहे, ती आपल्या सगळ्यांना पटते. झोपेचं फुंकून बघायचं यंत्र मात्र दारात ठेवलेलं नाही. म्हणून ड्युटीचे तास आणि विश्रांतीचे नियम, एवढाच अडसर हातात उरतो.

आता शेतकरी आणि ड्रायव्हर. मेसेजमधलं हेच वाक्य लोकांच्या मनाला भिडतं आणि मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो.

शेतकरी रात्री दारं धरतो कारण कृषिपंपाला रात्रीची लाईट असते. हौसेने कोणी थंडीत बॅटरी घेऊन गव्हात उभं राहत नाही. साप, विंचू, विहिरीचा काठ, उघडी वायर, सगळं तिथेच असतं आणि गावोगावी लोकांनी जीव गमावले आहेत. आणि शेतकरी बोलत नाही हे कुणी सांगितलं? दिवसा वीज द्या, ही मागणी मराठवाड्यातल्या प्रत्येक आंदोलनात ऐकू येते. सौर कृषी वाहिनीची योजना याच मागणीतून उभी राहिली, दिवसा वीज हेच तिचं आश्वासन. ज्याचं गाऱ्हाणं आपण वर्षानुवर्षं ऐकलं, तो कधी रडत नाही असं म्हणून त्याला दुसऱ्याविरुद्ध उभं करायचं, हा त्याचा मान नाही.

ड्रायव्हरचंही तेच. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही सांगितली. आता लातूरहून किंवा नांदेडहून रात्री पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन बघा. पुण्यात पोहोचलेला ड्रायव्हर दिवसा उन्हात डिकीत किंवा मागच्या सीटवर अंग टाकतो आणि संध्याकाळी परत तीच गाडी काढतो. डिसेंबर-जानेवारीत उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटे बीड, धाराशिवच्या रस्त्यांवर दिसतात. त्यातले कितीजण आदल्या रात्री झोपलेत, हे विचारायची पद्धतच नाही. समृद्धीवर सरळ, एकसुरी रस्त्याने डोळा लागतो, हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अपघात झाला की बातमीत ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ एवढंच छापून येतं.

मग यातून काय मागायचं? ड्रायव्हर झोपेशिवाय चालवतो म्हणून पायलटनेही तसंच उडवावं, हे? की पायलटला जसा लेखी नियम मिळाला, तसा ट्रॅव्हल्सच्या आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या बाबतीत पाळला जावा, हे? मेसेज पहिली मागणी करतो. माझी दुसरी आहे.

राहिला ‘अचानक आणलेला नियम’. विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तो जानेवारी 2024मध्ये जाहीर केला. आठवड्याची सलग विश्रांती 36वरून 48 तास झाली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंगऐवजी दोनच, आणि ड्युटी दहा तासांपेक्षा जास्त नाही. तो 1 जून 2024पासून लागू व्हायचा होता. विमान कंपन्यांच्या विरोधाने लांबला. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर तो दोन टप्प्यांत आला: 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025. जवळपास दोन वर्षं हातात होती. त्याच नियमाखाली बाकीच्या कंपन्यांची विमानं उडत राहिली. दुसऱ्या टप्प्याच्या नियोजनात आपला अंदाज चुकला, असं इंडिगोनेच डीजीसीएला सांगितलं. देशांतर्गत साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीकडे असल्यावर तिचा अंदाज चुकला की सगळ्यांचं गणित कोसळतं. परभणीहून रात्री निघून मुंबईत आखाताचं विमान धरणाऱ्या कामगाराची नोकरी अशा वेळी पणाला लागते. त्याचा संताप रास्त आहे, फक्त तो पायलटच्या झोपेवर काढला जातोय.

आणि लाड कुणाचे झाले? 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. त्याच दिवशी डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026पर्यंत सूट दिली. आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, ही अट तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली. म्हणजे पायलटने स्वतःच्या हक्काची रजा काढली तरी ती त्याच्या विश्रांतीतच मोजायला वाट मोकळी झाली. नियम मोडीत निघाला तो कंपनीच्या सोयीसाठी.

जानेवारी 2024च्या याच नियमांसोबत आणखी एक बंधन आलं होतं, ज्याची चर्चा कुठेच नाही. प्रत्येक कंपनीने पायलटांच्या थकव्याच्या तक्रारी आणि त्यावर केलेली कारवाई दर तीन महिन्यांनी डीजीसीएला कळवायची. ते अहवाल कंपनीच्या नावासकट लोकांसमोर ठेवा, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत करावी. संभाजीनगर आणि नांदेडहून उडणाऱ्या प्रवाशाला तिकिटाचा दर दिसतो, तशाच या नोंदीही दिसल्या पाहिजेत.