लोकेशन ट्रॅकिंगचं गुणगान करणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

फील्डवर काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, "प्रामाणिक कर्मचाऱ्याला लोकेशनची भीती कशाला?" असा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॅकिंगमुळे कामचुकार सापडतात आणि प्रामाणिक माणूस वाचतो, कंपनी पगार देते म्हणजे तुमचा वेळ तिचा, लपवायचं काही नसेल तर अडचण काय, लेडीज स्टाफच्या सुरक्षेसाठी हे लागतंच, तुम्ही स्वतःच अलाऊ दाबलंय, परदेशात सगळीकडे हेच चालतं, आणि पटत नसेल तर नोकरी सोडा. खाली हात जोडलेले इमोजी आणि "सहमत असाल तर पुढे पाठवा".

मी सहमत नाही. मी एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीच्या औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी, हेडक्वार्टर सांगली-मिरज, त्यामुळे उदाहरणं आमच्या लाईनीतली जास्त येतील, पण सर्व्हिस इंजिनियर, डिलिव्हरीवाले, वसुलीवाले, आशाताई यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी कामचुकारांचं घेऊ कारण हे सगळ्यात जास्त जणांना पटतं, अगदी आपल्यातल्याच लोकांना. लोकेशनवरून फोन कुठे आहे ते कळतं, बास. आमच्याकडे बऱ्याच ॲपमध्ये प्रत्येक डॉक्टरांचं क्लिनिक टॅग केलेलं असतं आणि त्या टॅगपासून ठराविक मीटरच्या आत असाल तरच कॉल, म्हणजे डॉक्टरांची भेट, रिपोर्ट होतो. आता डॉक्टर दिवसभर एकाच खुर्चीत बसतात का? सकाळी स्वतःची ओपीडी, दुपारी दुसऱ्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन, आठवड्यातून एकदा जतला व्हिजिट, एकदा तासगावला. ते म्हणतात "अरे खाली पार्किंगमध्येच भेट, दोन मिनिटं आहेत", त्या दोन मिनिटांत प्रॉडक्टवर जे बोलणं होतं ते महिनाभर ओपीडीबाहेर बसून होत नाही, पण ॲपच्या हिशेबात तो कॉल झालाच नाही. आणि क्लिनिकच्या दारात उभं राहून रील बघितले, आत गेलोच नाही, तरी कॉल हिरवा. म्हणजे ज्याला कामचुकारपणा करायचाय त्याला ॲपने उलट सोयच करून दिली.

शिवाय तांत्रिक भाग वेगळाच. मोकळ्या आभाळाखाली स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत बरोबर सांगतं, हे खरं. पण बेसमेंटमधल्या ओपीडीत सॅटेलाइटचा सिग्नल नीट पोचत नाही, मग फोन वायफाय आणि मोबाईल टॉवरवरून अंदाज लावतो, आणि खेड्यात जिथे टॉवर लांब लांब आहेत तिथे हा अंदाज किलोमीटरने सुद्धा चुकू शकतो. दाट इमारतींत सिग्नल भिंतींवर आपटून येतो त्यामुळे एका जागी बसलेला माणूस नकाशावर गल्लीभर हिंडताना दिसतो. संध्याकाळी मॅनेजरचा फोन, "तुम्ही साडेबारा वाजता तिकडे काय करत होता?" आता काय सांगणार, तिकडे मी नव्हतोच साहेब, माझा ठिपका होता.

आणि फसवणारा फसवतोच. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शनमध्ये मॉक लोकेशनची, म्हणजे खोटं ठिकाण दाखवायची, सोय उघड दिलेली आहे, ॲपवाले ती पकडतात, की लोक दुसरा जुगाड काढतात. सरकारचंच उदाहरण घ्या. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी लोकेशनसकट फोटो काढून घ्यायची म्हणून एनएमएमएस ॲप आणलं, १ जानेवारी २०२३ पासून ते देशभर जवळपास सगळ्या कामांना सक्तीचं केलं. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून कळवलं की ॲपवर कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचा फोटो काढून हजेरी लागतेय. ज्यांना खोटी हजेरी लावायची होती ते लावतच राहिले, आणि उन्हात खरोखर राबलेल्या बाईची हजेरी मात्र नेटवर्क नाही म्हणून बुडते.

एमआरचं काम झालं की नाही हे कळायला कंपनीकडे आधीपासून रस्ते आहेत ना. स्टॉकिस्टची सेकंडरी सेल, म्हणजे त्याने दुकानांना किती माल विकला ते, दर महिन्याला येते. केमिस्टकडे आरसीपीए, म्हणजे दुकानात आलेल्या चिठ्ठ्यांची पाहणी, केला की कुठल्या डॉक्टरांनी कुठला ब्रँड किती लिहिला ते कळतं. मॅनेजर जॉइंट वर्कला, म्हणजे आमच्याबरोबर डॉक्टरांकडे, येतो तेव्हा डॉक्टर नावाने हाक मारतात का नुसते ओळख नसल्यासारखे बघतात यावरून पहिल्या दहा मिनिटांत सगळं समजतं. पण यासाठी मॅनेजरला गाडीतून उतरून जिने चढावे लागतात, डॅशबोर्ड घरी बसून बघता येतो. माझं वैयक्तिक मत, ट्रॅकिंगचं अर्धं प्रेम इथून येतं.

"प्रामाणिक माणूस वाचतो" याचं उत्तर नागपूरच्या सफाई कामगारांना विचारा. महापालिकेने त्यांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं चढवली, आणि नंतर तक्रारी काय आल्या तर घड्याळ नीट चाललं नाही, हद्दीबाहेर दाखवलं, की पगार कापला. गटार साफ करणाऱ्याने आपलं काम केलं हे गटार बघून कळायला पाहिजे. आणि मशीन चुकलं हे सिद्ध कोणी करायचं? कामगाराने. डेटा कंपनीकडे, नकाशा कंपनीकडे, आणि पुरावा तुम्ही आणा.

एक गोष्ट मान्य करतो, उगाच सगळ्याला विरोध नको. कॅश व्हॅन, स्कूल बस, केमिकलचा टँकर यांच्यावर जीपीएस असायलाच पाहिजे. पण ते गाडीवर असतं, ड्रायव्हर घरी गेला की गाडी यार्डात राहते. फोन आपल्याबरोबर बेडरूमपर्यंत येतो.

इथेच तो "पगार देते म्हणजे वेळ तिचा" वाला मुद्दा येतो. बरं, कामाचा वेळ तिचा. रात्री दहाचा कोणाचा? रविवारचा? रजेवर गावाला गेलो त्याचा? कॅलिफोर्नियात इंटरमेक्स नावाच्या पैसे पाठवणाऱ्या कंपनीवर एका सेल्स एक्झिक्युटिव्ह बाईंनी २०१५ मध्ये केस केली होती. त्यांचा आरोप असा की फोनमधलं ॲप चोवीस तास चालू ठेवायला सांगितलं, ड्युटी नसताना आपण गाडी किती स्पीडने चालवतो हेही साहेबाला कळत होतं आणि तो ते बोलून दाखवायचा, ॲप काढून टाकलं तर नोकरी गेली. प्रकरण पुढे आपसात मिटलं. इटलीत तर आरोपाच्या पुढे गोष्ट गेली. तिथल्या डेटा प्रायव्हसी बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोवो ग्रुपच्या फूडिन्हो या फूड डिलिव्हरी कंपनीला ५० लाख युरो दंड केला, कारणांपैकी एक कारण हे की रायडर काम करत नसतानाही ॲप त्यांचं लोकेशन पाठवत होतं.

आता "लपवायचं काय आहे?" हा प्रश्न जो विचारतो त्याने आपला महिनाभराचा नकाशा सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावून दाखवावा. लोकेशनमधून नुसता रस्ता दिसत नाही हो. मंगळवारी दुपारी दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला, दर पंधरा दिवसांनी मानसोपचार तज्ज्ञांकडे जातोय, बायकोबरोबर आयव्हीएफ सेंटरला गेलो, फॅमिली कोर्टात तारीख होती, आणि हो, युनियनच्या मीटिंगला कोण कोण होतं, हे सगळं त्या ठिपक्यांत येतं. यातलं एकही लाजिरवाणं नाही आणि एकही मॅनेजरला कळायची गरज नाही. त्यात युनियनचा मुद्दा तर सगळ्यात नाजूक, कारण बदली कधी आणि कुठे होते ते आपण सगळे जाणतो. "नाव दिसत नाही, फक्त कोड दिसतो" असंही काही एचआरवाले सांगतात. २०१३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या विज्ञान नियतकालिकात १५ लाख लोकांच्या मोबाईल डेटावरचा एक अभ्यास आला होता, त्यात फक्त चार ठिकाण-वेळेच्या नोंदींवरून ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. त्यात सांगली टेरिटरीत कंपनीचे दोनच लोक असतील तर कोड कसला आणि काय कसला.

सुरक्षेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. कित्येक छोट्या कंपन्यांत ॲप वगैरे काही नसतं, सकाळी मेसेज येतो "सगळ्यांनी ग्रुपवर लाईव्ह लोकेशन टाका", आणि व्हॉट्सॲपमध्ये ते एका दमात आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं. म्हणजे टीममधली एकुलती एक मुलगी आत्ता कुठल्या स्टँडवर एकटी उभी आहे, कुठल्या लॉजवर मुक्कामाला आहे हे ग्रुपमधल्या सगळ्या पुरुषांना कळणार, आणि याला सुरक्षा म्हणायचं. खरंच काळजी असेल तर आउटस्टेशनला राहायचा अलाउन्स वाढवा, की ती बऱ्या हॉटेलात राहील, रात्री आठला रिव्ह्यू कॉल ठेवू नका, आणि अडचण आली तर तिने स्वतः दाबायचं एक बटण द्या. बटण तिच्या हातात पाहिजे. हरियाणात २०२१ मध्ये आशाताईंना दिलेल्या फोनमध्ये एमडीएम ३६० शील्ड नावाचं, फोनवर नजर ठेवणारं ॲप टाकायचं ठरलं तेव्हा त्या बायकांनीच आंदोलन केलं होतं. ज्यांचं लोकेशन घ्यायचं त्यांनीच ते नाकारलं.

"तुम्हीच अलाऊ दाबलंय." दाबलंय, कारण "नेहमी परवानगी द्या" हा पर्याय निवडल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही, ॲप उघडलं नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर त्या दिवसाचा डीए, म्हणजे रोजचा भत्ता, नाही. याला कोण मर्जी म्हणेल. इथे मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर कोणीतरी तुम्हाला कायदा दाखवून गप्प करेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत. त्यात संमती मोकळी, स्पष्ट, बिनशर्त पाहिजे असं आहे, पण कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही डेटा वापरायची वाट ठेवलीय. ही पळवाट मोठी आहे, तिला छोटी म्हणण्यात अर्थ नाही. तरी शब्द "नोकरीच्या कारणासाठी" किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी असे आहेत, आणि रविवारी मी कुलदैवताला गेलो ते कुठल्या नोकरीचं कारण हे कंपनीला सांगता आलं पाहिजे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मुख्यतः सरकारच्या विरोधात चालतो, खासगी कंपनीसमोर तो निकाल नुसता फडकवून काम होत नाही, हेही लक्षात ठेवा.

"परदेशात सगळीकडे हेच चालतं" ही तर सरळ थाप. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०११ ला एका सेल्समनच्याच केसमध्ये सांगितलं की ज्या कर्मचाऱ्याला आपलं काम आपण आखायची मोकळीक आहे त्याचे कामाचे तास मोजायला जीपीएस वापरणं योग्य नाही. आपला टूर प्लॅन आपण करतो, डॉक्टरांच्या वेळा आपण सांभाळतो, म्हणजे हे आपल्यालाच लिहिल्यासारखं आहे. तिथली डेटा यंत्रणा सांगते की ड्युटी संपल्यावर कर्मचाऱ्याला ट्रॅकिंग बंद करता आलं पाहिजे आणि लोकेशनच्या नोंदी साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. आपल्याकडे किती वर्षं ठेवतात? तुमच्या एचआरला विचारून बघा, त्यांनाच माहीत नसतं कारण सर्व्हर ॲपवाल्या वेगळ्याच कंपनीचा असतो.

राहिलं "नोकरी सोडा". एका कंपनीतून दुसरीकडे गेलं की तिथेही तेच ॲप किंवा त्याचा भाऊ असतो, हे लाईनीत कोणालाही विचारा. म्हणून एमआर लोकांच्या देशभरातल्या संघटनेने, एफएमआरएआयने, २० डिसेंबर २०२३ च्या संपात इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग आणि पाळत बंद करा ही मागणी ठेवली होती. संप जमत नसेल तर निदान मेलवर चार गोष्टी विचारा: लोकेशन किती ते किती वाजेपर्यंत घेता, कोण कोण बघतं, किती दिवस ठेवता, आणि चुकीचं दाखवलं तर दुरुस्ती कोणाकडे मागायची. एकट्याने मेल टाकू नका, टीममधल्या सगळ्यांनी सही करून टाका. फोन कंपनीचा असेल तर संध्याकाळी डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट, भरून झाला की तो स्वीच ऑफ करून ठेवणार असंही त्यातच लिहून टाका. स्वतःचा असेल तर अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल मागा, ऑफिसचे ॲप त्यात टाकले की कामानंतर ते प्रोफाइल एका बटणाने बंद करता येतं, आणि याला कंपनीला वेगळा खर्चही फारसा येत नाही.