अपग्रेड करताना काहीही वाचू नये

गेल्या शुक्रवारी रात्री आमच्या एका सर्व्हरवर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची 12 वी आवृत्ती जाऊन 13 वी आली. काम बाहेरच्या एका तज्ज्ञाने केले आणि निस्तरले मी. त्यामुळे या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मला आपोआपच प्राप्त झाला आहे.

मुहूर्त शुक्रवार संध्याकाळचाच धरावा.

रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदलले याची यादी, उघडू नयेत. सर्व्हिस सुरू करणारे सिस्टिमडी आता सिस-सीटीएल.कॉन्फ ही नेटवर्कसकट सिस्टिमच्या सेटिंग्जची फाइल वाचत नाही, हे तेथे आधीच कळले तर रीबूटनंतर व्हीपीएन का बंद पडले हे शोधण्यातली गंमत निघून जाते.

बॅकअप घ्यायचाच असेल, तर त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर घ्यावा.

आता मुख्य विधी. अपग्रेड मध्येच थांबते आणि अदबीने विचारते, की ही कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजसोबतही नवी आली आहे, तर कोणती ठेवू? नवी बसवता येते, जुनी राखता येते आणि दोन्हींतला फरकही पाहता येतो. या तिसऱ्या पर्यायाकडे ढुंकूनही पाहू नये. आमच्या तज्ज्ञांनी प्रत्येक वेळी 'नवी बसवा' हेच उत्तर दिले आणि त्या तडाख्यात एसएसएचचीही, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सर्व्हिसची, फाइल गेली. तिच्यात पोर्ट (आत येण्याच्या दाराचा क्रमांक) 2222 होते आणि फायरवॉलमध्ये तेवढेच उघडे होते. नव्या फाइलीने ते मुकाट्याने 22 वर नेले. सर्व्हिस रीस्टार्ट झाली तरी चालू सेशन तुटत नाही, म्हणून साहेबांना सगळे आलबेल दिसले. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहायला अर्धा मिनिट लागतो, पण तेवढा वेळ तज्ज्ञांकडे नसतो. त्यांनी मशीन रीबूट केले, 'झाले' असा मेसेज टाकला आणि फोन बंद करून ते झोपले. मी मात्र रात्री दोनपासून पहाटेपर्यंत डेटा सेंटरच्या कन्सोलसमोर, रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड शेवटचा कोणी बदलला होता हे आठवत बसलो होतो, कारण इतकी वर्षे सगळे लॉगिन पासवर्डऐवजी एसएसएच कीवर चालत असल्याने तो कोणालाच ठाऊक नव्हता!

सदैव 'जुनीच राहू द्या' म्हणणारा सोवळा पंथही आहे. त्यांच्यासाठी 13 मध्ये डव्हकॉट या मेल सर्व्हरची 2.4 आवृत्ती आहे, ते 2.3 ची फाइल पाहून सुरूच होत नाही, मग मेल येत नाही म्हणून फोन येतात.

अशा उत्तरांनंतर मागे उरलेल्या डीपीकेजी-ओल्ड (बदललेली जुनी) आणि डीपीकेजी-डिस्ट (न बसवलेली नवी) शेपटीच्या फाइली 2017 च्या डेबियन 9 पासून लोणच्यासारख्या मुरत असतील, तर मुरू द्याव्यात.

अहो, पण फरक पाहायला तुमचे जाते काय? असे प्रश्न पंधरा-वीस येतात, त्यांतले निम्मे एका नजरेत सुटतात. उरलेल्यांत मालकाने हाताने काही लिहिलेले असते, म्हणूनच तर यंत्र थांबून विचारते आहे. नुसते एंटर आणि वाय दाबायला माणूस लागत नाही, आणि त्याचे पैसे तर मुळीच लागत नाहीत. आमच्या त्या फाइलीत पोर्टच्या वर मी स्वतः टीप लिहून ठेवली होती, 'फायरवॉल पाहिल्याशिवाय बदलू नये'. फरक उघडला असता तर ती ओळ वजाचे चिन्ह लागून पहिल्याच पानावर दिसली असती.