जुनी कार, एकच चावी : 'डुप्लिकेट कुठेही बनते' हे अर्धसत्य

'सेकंडहँड गाडीची दुसरी चावी नसली तरी काळजी नको, कोपऱ्यावरचा चावीवाला शे-दोनशे रुपयांत बनवून देतो', असा सल्ला सध्या फिरतोय. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीला तो लागू पडत नाही.

अशा चावीच्या डोक्यात इवलीशी चिप असते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, म्हणून रिमोटचा सेल संपला तरी ती चालते. तिचा कोड जुळला तरच इंजिन चालू राहतं. नुसती पात कापलेली चावी दार उघडेल, इग्निशनमध्ये फिरेलही, पण इंजिन सुरूच होणार नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडेल आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहील. माझ्या भावाने बॅटरी खराब समजून नवी घातली. दोष चिपचा होता.

दुसरी चावी नसेल तर ती कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न. नवी चावी कोड करताना, म्हणजे तिचा कोड गाडीत नोंदवताना, गाडीच्या मेमरीतून हरवलेली काढून टाकायला सांगा. मग त्या हरवलेल्या चावीने इंजिन सुरू होत नाही. दार मात्र उघडतं, त्यासाठी कुलूपच बदलावं लागतं. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात.

व्यवहारापूर्वी मिळालेल्या प्रत्येक चावीने, इंजिन थंड असताना, गाडी स्वतः सुरू करून बघा. चावी कमी असेल तर कोडिंगसकट खर्च अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा आणि किमतीतून वजा करून घ्या.