ब्लू बॉटलच्या डंखावर लघवी नको, वाळू तर नकोच

‘किनाऱ्यावर निळा फुगा दिसला तर पळा! हा नवा विषारी जेलीफिश पाठलाग करतो, दहा मिनिटांत जीव घेतो. डंख झाल्यास लघवी ओता, वाळूने चोळा. मेलेला असेल तर धोका नाही.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला आणि खाली मावशीचं उत्तर, ‘मुलांना सांगून ठेवलंय.’ आता गप्प बसणं शक्य नाही. मेसेजमधला ‘निळा फुगा’ म्हणजे ब्लू बॉटल, फुग्याखाली लांब, डसणारे निळे दोरे असलेला समुद्री जीव.

आधी वाळूचं. डंखानंतर कातडीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटून राहतात. जवळून पाहिलं तर बारीक मणी ओवल्यासारखे दिसतात. या मण्यांत असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत एक विषारी पोकळ धागा गुंडाळलेला असतो. डंखाच्या वेळी त्यातल्या काहीच फुटतात. वाळूने चोळलं की दाबाने उरलेल्याही फुटतात, म्हणजे शिल्लक विष आपणच टोचून घेतो. लघवीचंही तसंच. तिचा खारेपणा समुद्राच्या पाण्यासारखा नसतो आणि तो फरक कुप्या फोडू शकतो.

करायचं ते असं: पाण्याबाहेर या, चोळू नका. चिमट्याने किंवा हातमोजा घालून दोरे उचला, उरलेले तुकडे समुद्राच्याच पाण्याने धुऊन काढा. मग डंखाची जागा ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात २० मिनिटं बुडवा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या कातडीला अंदाज येत नाही आणि भाजतं. मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपा. पाणी लवकर निवतं, म्हणून त्यात थोडं थोडं गरम घालत राहावं लागतं. पाठीला किंवा पोटाला डंख असेल तर गरम शॉवर.

बर्फाने बरं वाटतं म्हणणाऱ्यांचं थोडंफार खरं आहे, पण थोडंच. २००६ साली ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये ब्लू बॉटलचा डंख झालेल्या ९६ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. २० मिनिटांनी वेदना कमी झाल्याचं गरम पाणीवाल्यांपैकी ८७ टक्क्यांनी सांगितलं, बर्फवाल्यांपैकी ३३ टक्क्यांनी. व्हिनेगरवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

बाकीचं थोडक्यात. हा जेलीफिश नाही, अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे. त्याला पोहता येत नाही, मग पाठलाग कसला? वर वायूचा फुगा असतो, तो शिडासारखा वारा धरतो. वारा किनाऱ्याकडे वाहत राहिला की जिथे कधी दिसले नव्हते तिथेही झुंडीने येऊन पडतात. मिनिटांत जीव घेऊ शकतो तो बॉक्स जेलीफिश, वेगळाच प्राणी. ब्लू बॉटलने मृत्यू फार क्वचित होतो. तरी श्वास अडला, छातीत दुखलं, चेहरा सुजला, डोळ्याला किंवा मोठ्या भागावर डंख झाला तर थेट दवाखाना.

आणि मेलेला? कुपी फुटायला प्राणी जिवंत असावा लागत नाही, स्पर्श पुरतो. किनाऱ्यावर पडलेला, अर्धवट वाळलेलासुद्धा डसतो. मुलं फट् आवाजासाठी फुग्यावर पाय देतात आणि वाळूत लांबवर पसरलेला दोरा पायाला गुंडाळला जातो. मावशी, मुलांना सांगायचं ते हे.